निवळीबरोबर गेलेली साखर

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आहारतज्ज्ञ बाईंनी मला जो कागद लिहून दिला, त्यात दुपारच्या जेवणासमोर ‘दही, १ वाटी’ एवढेच लिहिलेले होते. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा दाखवणारी माझी एचबीए१सी चाचणी ६.९ आली होती, दिवसभरातली कर्बोदके ८० ग्रॅमच्या आत ठेवायची असे डॉक्टरांशी बोलून ठरले होते, आणि ज्या माणसाने लहानपणापासून दोन्ही वेळच्या जेवणात मिळून चार वाट्या दही खाल्ले आहे, त्याला एका वाटीवर येणे भात सोडण्यापेक्षाही जड जाणार होते. भात मी खरोखरच सोडला आणि त्याचे फारसे वाईटही वाटले नाही. दह्याबद्दल मात्र मी हिशेब करायला बसलो.

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या लेखा विभागात माझी सारी नोकरी झाली, त्यामुळे कुठलीही गोष्ट समजून घ्यायची तर आधी वहीत दोन रकाने आखायचे, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. आमची वाटी दीडशे ग्रॅमची आहे. दुधात दर १०० ग्रॅमला पावणेपाच ग्रॅमच्या आसपास दुग्धशर्करा, म्हणजे लॅक्टोज असते, आणि गायीच्या व म्हशीच्या दुधात या बाबतीत फारसा फरक नसतो. साध्या घरच्या दह्यात तीच साखर सुमारे सव्वाचार ग्रॅमवर येते. चार वाट्यांचे सहाशे ग्रॅम धरले तर दिवसाच्या ८० ग्रॅमपैकी पंचवीस-सव्वीस ग्रॅम नुसत्या दह्यात संपत होते. १०० ग्रॅम शिजवलेल्या भातातल्या सुमारे २८ ग्रॅमांशी तुलना केली तर दही फार गुन्हेगार ठरत नाही, हे खरे, पण मला भात नको होता आणि दही हवे होते. तेव्हा दह्यातलीच साखर कमी करता येईल का, एवढाच प्रश्न उरला.

ज्यांना ज्यांना विचारले, त्या बहुतेकांचे उत्तर एकच होते. दही चोवीस तास विरजू द्यावे, म्हणजे जिवाणू सगळी साखर खाऊन टाकतात. मार्च महिन्यात मी पहिल्यांदा तसे करून पाहिले. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात पातेले झाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उघडले, तर वर पिवळसर पाणी साचलेले, खाली फाटल्यासारखे दही आणि सगळ्याला किंचित आंबवलेल्या पिठासारखा वास. पत्नीने चमचाभर जिभेवर ठेवून पाहिले आणि ती म्हणाली, “अहो, हे कढीलासुद्धा चालणार नाही.” तिचे बरोबर होते. ओट्यावरचे तापमान दुपारी ३३ अंशांवर आणि पहाटे २५च्या आसपास असे हिंदकळत होते, आणि इतक्या लांब वेळात कोमट दुधात जे जिवाणू आपल्याला हवे असतात त्यांच्याबरोबर यीस्टसारख्या नको असलेल्या पाहुण्यांनाही मोकळे रान मिळते.

दुसऱ्या वेळी मी तापमान धरून ठेवले. पिशवीवर ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घनपदार्थ लिहिलेले एक लिटर दूध घेतले, ते उकळल्यावर मंद आचेवर आणखी दहा मिनिटे ढवळत ठेवले. ही दहा मिनिटे मी आता कधीच वाचवत नाही, कारण दूध ८५ अंशांच्या वर काही काळ राहिले की एरवी निवळीत, म्हणजे दह्याला सुटणाऱ्या पाण्यात, विरघळून जाणारी प्रथिने केसिन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, दही घट्ट लागते आणि पुढे ते टांगल्यावर ही प्रथिने पाण्याबरोबर वाहून जात नाहीत. दूध ४३ अंशांवर उतरल्यावर दोन चमचे विरजण लावले, डबा कॅसरोलमध्ये ठेवून भोवती तितकेच कोमट पाणी ओतले आणि दर चार-पाच तासांनी ते बदलत गेलो. माझी आई हे सारे करंगळी दुधात बुडवून करत असे आणि तिचे दही कधी बिघडल्याचे मला आठवत नाही, परंतु तिला चोवीस तास तापमान सांभाळायचे नव्हते. मी स्वयंपाकघरातला थर्मामीटर घेतला आणि त्याचा मला फार उपयोग झाला.

या वेळचे दही आंबट असले तरी स्वच्छ आंबट होते, वासही चांगला होता. प्रश्न राहिला तो साखर गेली किती, याचा. त्यासाठी माझ्या पुतणीने जी मदत केली, तिच्याशिवाय हा लेख लिहिताच आला नसता. ती कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. तिने एका रविवारी ब्युरेट, सोडियम हायड्रॉक्साइडचे एकदशांश नॉर्मल द्रावण आणि फिनॉल्फ्थॅलिन या रंगदर्शकाची बाटली आणली, वर्तमानपत्र अंथरून जेवणाचे टेबल झाकले आणि स्वयंपाकघरातले एकही भांडे त्या कामाला लावू दिले नाही. दहा ग्रॅम दही पाण्यात कालवायचे, त्यात दर्शकाचे थेंब टाकायचे आणि फिकट गुलाबी रंग टिकेपर्यंत वरून द्रावण थेंबथेंब सोडायचे. जितके मिलिलिटर लागतील त्याला ०.०९ ने गुणले की दह्यातल्या लॅक्टिक आम्लाची टक्केवारी मिळते. आठ तासांच्या दह्याचा आकडा आला ०.७५ आणि चोवीस तासांच्या दह्याचा १.३. साध्या दुधाचीच या पद्धतीने ०.१५च्या आसपास आम्लता दिसते, तेवढी दोन्हींतून वजा करायची.

“काका, आता यावरून साखर काढता येईल,” असे म्हणून तिने जे समजावले, ते मला लेखा विभागातल्या कोणत्याही ताळेबंदाइतकेच सुंदर वाटले. लॅक्टोजचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज यांची जोडी. दह्यातले उष्णताप्रिय जिवाणू, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, ही जोडी फोडतात, त्यातले ग्लुकोज वापरून त्याचे आम्ल करतात आणि गॅलॅक्टोज बहुतांशी तसेच बाहेर टाकून देतात. त्यामुळे दुग्धशर्करा जितकी फुटली तितकी साखर संपली असे होत नाही. अर्धी उरतेच. जे संपले ते साधारणपणे जेवढे आम्ल तयार झाले तेवढेच, वजनास वजन. म्हणजे आठ तासांत १०० ग्रॅममागे सुमारे ०.६ ग्रॅम साखर गेली आणि चोवीस तासांत सुमारे १.१५ ग्रॅम. पावणेपाचातून वजा केले तर उरले ३.६ ग्रॅम. चोवीस तासांच्या दह्यात दूध न पचणाऱ्या माणसाला त्रास देणारे मूळ लॅक्टोज जवळजवळ निम्म्यावर आलेले असते, आणि अशा माणसाला त्याचा खराच फायदा होतो. परंतु कर्बोदकांच्या रकान्यात एक चतुर्थांशच घट दिसते. याहून अधिक वेळ ठेवून फारसे काही साधत नाही, कारण स्वतःच तयार केलेल्या आम्लात हे जिवाणू हळूहळू मंदावतात. साखर शिल्लक असते, ती खाणारे थकलेले असतात.

एक गोष्ट मात्र येथे नोंदवायला हवी. अनेक पोषणतक्त्यांमध्ये कर्बोदके थेट मोजलेली नसतात. एकूण वजनातून पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि राख, म्हणजे खनिजे, वजा करून जे उरते त्याला कर्बोदके म्हटलेले असते, आणि त्या उरलेल्यात दह्याचे आम्लही मोजले जाते. म्हणून तक्त्यातला दह्याचा आकडा प्रत्यक्ष साखरेपेक्षा थोडा चढा असू शकतो. हा फरक अर्ध्या-एक ग्रॅमचा आहे. काही लोक त्याच्या आधारावर दह्यात साखर नसतेच असे सांगतात, ते मला पटत नाही.

मधल्या काळात दोन आडवाटा झाल्या. लॅक्टोजमुक्त दूध आणून दही लावले, ते गोड लागले, आणि पिशवीवर पाहिले तर कर्बोदके नेहमीच्या दुधाइतकीच होती, कारण त्यात विकराने, म्हणजे एन्झाइमने, साखरेची जोडी फक्त फोडलेली असते, काढून टाकलेली नसते. दही घट्ट व्हावे म्हणून दुधाची भुकटी घालण्याचा सल्लाही एका परिचितांनी दिला होता. स्निग्धांश काढलेल्या दुधाच्या भुकटीत निम्मी दुग्धशर्कराच असते, तेव्हा तो मार्ग माझ्यासाठी उलट दिशेचा होता.

मग उरला तो चक्का. श्रीखंडासाठी चक्का टांगणे आमच्या घरात नवे नाही, पाडव्याच्या आदल्या रात्री खिडकीच्या गजाला बांधलेले गाठोडे मी जन्मभर पाहत आलो. साखर पाण्यात विरघळलेली असते, पाणी गेले की साखर जाईल, असा माझा सरळ विचार होता आणि तो अर्धाच खरा निघाला. चोवीस तासांच्या एक लिटर दह्याचे रात्रभर निथळून ४४० ग्रॅम चक्का आणि ५९० ग्रॅम निवळी झाली. दह्यात असलेल्या ३७ ग्रॅम साखरेपैकी २३ ग्रॅम निवळीबरोबर गेली, १४ ग्रॅम चक्क्यात राहिली. एकूण पाहता ही मोठीच घट आहे. पण १०० ग्रॅम चक्क्यामागे भाग काढला तर उत्तर येते ३.२, म्हणजे न निथळलेल्या दह्याहून केवळ ०.४ ग्रॅम कमी. मी ही बेरीज तीनदा तपासली. कारण कळल्यावर ते अगदी उघड होते. चक्क्यातही तीन चतुर्थांशाहून जास्त पाणीच असते आणि त्या पाण्यातली साखर निवळीतल्या साखरेइतकीच दाट असते. निथळण्याने पाण्याचे प्रमाण घटते, उरलेल्या पाण्याची गोडी घटत नाही. फायदा होतो तो असा, की प्रथिने दुपटीहून अधिक दाट होतात आणि पोट लवकर भरते, त्यामुळे दोन वाट्या दह्याची जागा एक वाटी चक्का घेतो.

जुलैमध्ये याच टप्प्यावर माझा मोठा तोटा झाला. ठाण्याच्या पावसाळ्यात स्वयंपाकघरातले पंचे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, आणि मी तशाच ओलसर, नुसत्या पाण्यातून काढलेल्या फडक्यात चक्का बांधून तो बाहेर टांगला. सकाळी त्याला कुबट वास होता आणि सगळा फेकून द्यावा लागला. तेव्हापासून जांभळी नाक्यावरच्या बाजारातून आणलेली मलमलीची दोन फडकी फक्त याच कामासाठी वेगळी ठेवली आहेत. ती प्रत्येक वेळी उकळत्या पाण्यातून काढायची, इस्त्रीने कोरडी करायची, आणि चक्का टांगायचा नाही. चाळणीत फडके पसरून, खाली पातेले ठेवून, वर ताटली झाकून ते सारे फ्रिजमध्ये ठेवायचे. निथळायला दोन-तीन तास जास्त लागतात, पण दही त्यात आणखी आंबट होत नाही.

साखर खऱ्या अर्थाने कमी झाली ती चक्का धुतल्यावर. पाण्याची गोडी घटत नसेल तर ते पाणीच बदलावे, ही कल्पना मला पत्नीकडून मिळाली. ती पनीर करते तेव्हा लिंबाचा आंबटपणा जावा म्हणून ते थंड पाण्याखाली धुते, आणि माझा वहीतला घोळ पाहून तिने विचारले, “मग हे धूत का नाही?” पनीरासारखा चक्का नळाखाली धरता येत नाही, तो वाहून जाईल. म्हणून मी ६०० मिलिलिटर पाणी उकळून फ्रिजमध्ये गार केले, चक्का मोठ्या पातेल्यात काढून त्यात ते थोडे थोडे घालत लाकडी रवीने अगदी हलक्या हाताने कालवले, एकही गुठळी राहू दिली नाही, अर्धा तास तसेच ठेवले आणि पुन्हा चाळणीत ओतले. पहिल्यांदा घाईने जोरात घुसळले होते, तर वर लोण्याचे कण तरंगू लागले. पाणी गार असणे आणि हात हलका असणे या दोन्ही गोष्टी सांभाळाव्या लागतात.

हिशेब असा होता. चक्क्यातल्या ३४५ ग्रॅम पाण्यात १४ ग्रॅम साखर, त्यात ६०० ग्रॅम साधे पाणी मिळाले, सगळे नीट मिसळून पुन्हा ६०० ग्रॅम निथळून गेले, तर मागे राहील पाच ग्रॅमच्या थोडी वर. म्हणजे १०० ग्रॅम चक्क्यात १.२ ग्रॅम. सगळा भरवसा ‘नीट मिसळून’ या दोन शब्दांवर होता, आणि साखर मोजण्याचे साधन आमच्याकडे नव्हते. त्यावर पुतणीने जी युक्ती काढली ती मला आजही आठवते. आम्ल आणि साखर दोन्ही त्याच पाण्यात विरघळलेली असतात, तेव्हा एक जितके पातळ होईल तितकेच दुसरेही होणार. तिने पहिल्या निथळीची निवळी आणि धुतल्यानंतरचे पाणी, दोन्हींची आम्लता मोजली. पहिली १.१ टक्के आली, दुसरी ०.४४. हिशेबाने ०.४०च्या आसपास यायला हवी होती. इतके जवळचे उत्तर येईल अशी आम्हा दोघांचीही अपेक्षा नव्हती. साखरही त्याच प्रमाणात पातळ झाली असे धरायला आता आधार मिळाला, आणि मी वहीत १.२ खोडून, सावधगिरीने, १.५ लिहिले.

चवीचे म्हणाल तर धुतलेला चक्का सौम्य लागतो. चोवीस तासांच्या दह्याचा दात आंबवणारा आंबटपणा जवळजवळ सगळा निघून जातो आणि मागे राहते ते सायीसारखे, किंचित सपक, पण गोड वासाचे दाट दही. चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि दोन चमचे पाणी घालून फेटले की ते दह्यासारखेच होते. काकडीची कोशिंबीर त्यात फार चांगली होते, कारण कोशिंबिरीला पाणी सुटत नाही. ताकासाठी मात्र तो योग्य नाही. त्याचे ताक अंगाने पातळ दुधासारखे लागते, आणि ताकाचे सारे सौंदर्य त्याच्या आंबटपणात आहे, हे मला तेव्हा नव्याने उमगले. ताक मी आजही साध्या दह्याचेच घेतो, अर्ध्या वाटीचे एक भांडे, आणि त्याचे तीन-सव्वातीन ग्रॅम वहीत मांडतो.

या पद्धतीची किंमतही सांगितली पाहिजे, नाहीतर हे सांगणे अपुरे राहील. दही आंबट झाले की केसिनला बांधलेले कॅल्शियम सुटून पाण्यात उतरते, म्हणून निवळीबरोबर साखरच नव्हे, बरेचसे कॅल्शियम आणि पाण्यात विरघळणारे ‘ब’ गटातले जीवनसत्त्वही जाते. निवळीची ती हिरवट-पिवळी झाक त्यांपैकीच एका, रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची असते. धुतल्यावर तर ते आणखी घटते. आहारतज्ज्ञ बाईंना मी हे दाखवले, तेव्हा त्यांनी कॅल्शियमसाठी तीळ आणि नाचणीचा विचार केला, नाचणीतली कर्बोदके आठवून ती वगळली आणि तीळ ठेवले. ज्या घरात वाढती मुले आहेत तेथे सर्वांसाठी दही धुऊन ठेवण्याचे काहीच कारण नाही.

पहिली निवळी आम्ही फेकत नाही. तिच्यात चार टक्क्यांच्या आसपास साखर असते, त्यामुळे ती माझ्या वाट्याला येत नाही, परंतु पत्नी तीत थालीपिठाचे पीठ भिजवते, कधी तिच्या आमटीत आंबटपणासाठी घालते. धुतल्यानंतरचे पाणी मात्र सोडून देतो. कढीपत्त्याच्या कुंडीत ते घालून पाहिले होते, पण चार-पाच दिवसांत मातीला वास येऊ लागला, म्हणून बंद केले.

आता आठवड्यातून दोनदा हा क्रम चालतो. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी दूध तापते, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दही चाळणीत जाते, तिसऱ्या सकाळी धुतले जाते आणि दुपारपर्यंत डब्यात भरले जाते. डिसेंबर-जानेवारीत कॅसरोलमधले पाणी तीन तासांनीच बदलावे लागले, एवढाच काय तो ऋतूचा फरक. सप्टेंबरमधली एचबीए१सी ६.२ आली. त्यात भात सोडल्याचा, संध्याकाळी तलावपाळीला घातलेल्या फेऱ्यांचा आणि औषधाचा वाटा मोठा आहे, आणि चक्क्याचा वाटा वेगळा काढून दाखवता येईल असे मी म्हणणार नाही. मला दोन वेळच्या जेवणात पोटभर दही मिळाले, त्यामुळे बाकीचे पथ्य टिकले, एवढे मात्र खात्रीने सांगू शकतो.

एक चूक मी सुरुवातीला दोनदा केली होती. धुतलेल्या चक्क्यातलाच चमचाभर पुढच्या दुधाला विरजण म्हणून लावला, आणि दही लागायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ लागून तेही सैल लागले. चोवीस तासांच्या आंबटपणात थकलेले आणि वर पाण्याने धुतलेले विरजण चांगले काम करील, अशी अपेक्षाच चुकीची होती. म्हणून आता दूध कोमट झाले की त्यातले वाटीभर पत्नी वेगळे काढते, त्याला त्याच विरजणाचा थेंब लावते, ते सहा-सात तासांत कवडीसारखे घट्ट लागले की लगेच फ्रिजमध्ये ठेवते, आणि पुढच्या खेपेचे विरजण त्याच वाटीतून घेतले जाते.